‘कशावरून?’ हा प्रश्न आणि वर्तमानपत्रें

आमच्या लहानपणीं घरांत एखाद्या गोष्टीविषयीं वाद निघाला, कीं तो मिटविण्याचें एक खात्रीचें साधन असे. कोणी तरी उठे, कोनाड्यांतील वर्तमानपत्रांची चळत खालीं काढी आणि त्यांतला एक अंक पुढें टाकून म्हणे, “हें पाहा, छापून आलें आहे.” एवढें म्हटलें म्हणजे वाद संपे. छापून आलें तें खरें, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. आज त्याच घरांत तेंच वाक्य कोणीं उच्चारलें तर नातवंडें हसतात. ही प्रगति म्हणावी कीं अधोगति, याचा निर्णय दिसतो तितका सोपा नाहीं. चिकित्सक बुद्धि वाढली म्हणून श्रद्धा गेली असती तर आम्हांस आनंदच झाला असता. परंतु तींच नातवंडें दुसऱ्या क्षणीं मोबाइलवर आलेला निनावी मजकूर निःशंकपणें चार जणांस पाठवितात, हेंही आम्ही रोज पाहतों. म्हणजे श्रद्धा गेलेली नाहीं. ती ज्याच्या नांवागांवाचा पत्ता होता अशा ठिकाणाहून निघून, ज्याला नांव नाहीं आणि गांवही नाहीं अशा ठिकाणीं जाऊन बसली आहे, इतकेंच.

वर्तमानपत्रांच्या खरेपणाचा ऱ्हास झाला आहे, ही तक्रार आतां सर्वतोमुखीं झाली आहे. तक्रार करणारे बहुधा असें गृहीत धरून चालतात, कीं पूर्वींचे संपादक सत्यनिष्ठ होते आणि हल्लींचे तसे नाहींत. म्हणून पूर्वीं खरें छापलें जाई आणि हल्लीं खोटें छापलें जातें. इतिहासाचीं पानें चाळलीं म्हणजे हें गृहीत टिकत नाहीं. ज्यांच्या सत्यनिष्ठेविषयीं शंका घेणें पाप वाटावें अशा माणसांच्या हातूनही असत्य छापलें गेलें आहे. आणि ज्या पत्राच्या शब्दाला साऱ्या साम्राज्यांत मान होता, त्या पत्रानेंही बनावट कागदापुढें मान तुकविली आहे. मग पूर्वीं होतें आणि आज नाहीं असें काय आहे? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस जुन्या फसवणुकींच्या हकीकतींतच सांपडतें, म्हणून त्यांपैकीं तीन येथें क्रमानें सांगतों. पहिली आपल्या घरचीच आहे, आणि म्हणूनच ती सांगतांना मन थोडें कचरतें.

इ. स. १८८१ च्या जानेवारींत पुण्यास ‘केसरी’ व ‘मराठा’ हीं दोन साप्ताहिकें निघालीं. पहिलें मराठी, दुसरें इंग्रजी. ‘केसरी’ची धुरा गोपाळ गणेश आगरकरांकडे आणि ‘मराठा’ची बाळ गंगाधर टिळकांकडे होती. दोघेही तेव्हां पंचविशीच्या आसपासचे. सरकारी नोकरीची वाट सोडून शिक्षण व लोकजागृति यांस त्यांनीं वाहून घेतलें होतें. त्याच सुमारास कोल्हापूरच्या गादीविषयीं महाराष्ट्रांत मोठी चिंता पसरली होती. राजाराम महाराज १८७० सालीं युरोपच्या प्रवासांत फ्लॉरेन्स येथें वारले. त्यांच्या मागें दत्तक घेतलेले चौथे शिवाजी महाराज वयानें लहान होते, आणि राज्याचा सर्व व्यवहार कारभारी व इंग्रज अधिकारी यांच्या हातीं होता. महाराजांस वेड लागलें आहे, असें अधिकारी म्हणत. वेड लागलेलें नाहीं, छळ करून लावलें जात आहे, असें लोक म्हणत. या दुसऱ्या म्हणण्याचा रोख मुख्यतः कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर होता.

अशा वेळीं बर्व्यांच्या हातचीं म्हणून कांहीं पत्रें पुण्यास संपादकांच्या दृष्टीस पडलीं. लोकांच्या मनांत जो संशय घोळत होता, तोच त्या कागदांवर शाईनें उतरलेला होता. दोन्ही साप्ताहिकांनीं तीं पत्रें खरीं मानिलीं आणि बर्व्यांवर कडक शब्दांत लेख लिहिले. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. आणि प्रकरणाची छाननी होऊं लागतांच पत्रें बनावट असल्याचें उघडकीस आलें. टिळक-आगरकरांनीं दिलगिरी प्रकट केली. परंतु बर्व्यांनीं फिर्याद मागें घेतली नाहीं, आणि १७ जुलै १८८२ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें दोघांसही चार महिन्यांची साधी कैद सांगितली. चांगल्या वर्तणुकीबद्दल सूट मिळून ते २६ ऑक्टोबर रोजीं सुटले. डोंगरीच्या तुरुंगांतील या १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें पुस्तकरूपानें लिहिली, आणि ती मराठी वाचकांस चांगली परिचित आहे.

मराठी मनानें हें प्रकरण वीरकथा म्हणून जपून ठेविलें. मतभेद बाजूस ठेवून जोतीराव फुले यांनीं जामिनासाठीं केलेली खटपट, सुटकेच्या दिवशीं लोटलेला जनसमुदाय, तुरुंगाच्या कोठडींत रात्रीं रंगलेले दोघा मित्रांचे वाद, या गोष्टी आपण मुलांस सांगतों, आणि त्या सांगाव्यात अशाच आहेत. परंतु एक गोष्ट सांगण्याचें आपण बहुधा टाळतों. तीं पत्रें खोटीं होतीं. ज्या मनुष्यावर तीं लिहिल्याचा आरोप आला, त्यानें तीं लिहिलेलीं नव्हतीं. त्या मनुष्यालाही घरदार होतें, नांवलौकिक होता, आणि त्याचा दोष कितीही मोठा असला तरी जें त्यानें केलें नाहीं तें त्याच्या माथीं मारण्याचा अधिकार देशभक्तीलाही पोहोंचत नव्हता. दोघां तरुण संपादकांचा हेतु शुद्ध होता, यांत तिळमात्र संशय नाहीं. किंबहुना हेतु शुद्ध होता म्हणूनच चूक झाली, असें आम्हांस वाटतें. स्वार्थासाठीं लिहिणारा मनुष्य पकडला जाण्याच्या भीतीनें तरी कागद दोनदां पाहतो. अन्यायाच्या चिडीनें पेटलेल्या मनुष्यास तेवढी सवड नसते.

या प्रकरणाचा शेवट अधिक विचार करावयास लावणारा आहे. शिवाजी महाराजांस पुढें अहमदनगरच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें, आणि तेथें १८८३ च्या डिसेंबरांत, ज्याच्या पहाऱ्यांत ते होते त्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. म्हणजे राजाच्या जिवाविषयीं लोकांस वाटत असलेली काळजी अनाठायीं नव्हती. प्रश्न खरा होता. पुरावा खोटा होता. पुरावा खोटा ठरल्याबरोबर राजाचें काय होत आहे हा प्रश्न बाजूस पडला, आणि संपादकांस किती शिक्षा व्हावी एवढाच प्रश्न न्यायासनापुढें उरला. असत्यानें सत्याचा पक्ष घेतला म्हणजे सत्याची बाजू बळकट होते, असा एक समज आहे. कोल्हापूरच्या प्रकरणांत त्याच्या अगदीं उलट घडलें. खऱ्या गाऱ्हाण्याला खोट्या साक्षीदाराइतका घातक शत्रु दुसरा नाहीं.

आतां दुसरी हकीकत. तीही बनावट पत्रांचीच आहे, आणि तिचें मूळही त्याच १८८२ सालांत आहे. त्या वर्षीं ६ मे रोजीं डब्लिन शहरांतील फीनिक्स बागेंत लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश व त्यांचे सहकारी बर्क या दोन बड्या अधिकाऱ्यांचे खून झाले. आयर्लंडचे पुढारी पार्नेल यांनीं या कृत्याचा जाहीर धिक्कार केला. पांच वर्षांनीं, म्हणजे १८८७ सालीं, लंडनच्या ‘टाइम्स’नें पार्नेल व त्यांचा पक्ष यांचा गुन्हेगारांशीं संबंध जोडणारी एक लेखमाला सुरू केली, आणि १८ एप्रिलच्या अंकांत पार्नेल यांच्या सहीचें एक पत्र हुबेहूब ठशासह छापलें. त्यांतील मजकुराचा भावार्थ असा, कीं खुनाचा धिक्कार हा केवळ देखावा होता, आणि बर्क यांस मिळालें तें योग्यच होतें. ज्या दिवशीं आयर्लंडसंबंधींच्या कडक कायद्यावर पार्लमेंटांत मतें घ्यावयाचीं होतीं, नेमका तोच दिवस या प्रसिद्धीसाठीं निवडला होता.

तें पत्र रिचर्ड पिगॉट नांवाच्या एका हलाखींत सांपडलेल्या आयरिश पत्रकारानें तयार केलें होतें. पिगॉटनें तें ह्यूस्टन नांवाच्या गृहस्थास विकलें आणि ह्यूस्टननें तें ‘टाइम्स’च्या कचेरींत नेलें. पुढें तीन न्यायाधीशांच्या मंडळापुढें चौकशी झाली, तेव्हां ‘टाइम्स’च्या व्यवस्थापकानें जी साक्ष दिली ती वृत्तपत्रांच्या इतिहासांत कायमची नोंदलेली आहे. हीं पत्रें कोठून आलीं, असें त्यांनीं ह्यूस्टनला विचारलेंच नव्हतें. ज्या पत्राचे बातमीदार युरोपच्या राजधान्यांतून बंद दारांआडच्या मसलती हुडकून काढीत, त्या पत्राला आपल्याच मेजावरील कागदाचा जन्म कोठें झाला हें हुडकावेंसें वाटलें नाहीं. कारण उघड आहे. पार्नेल दोषी आहेत, हें ‘टाइम्स’नें आधींच मनाशीं ठरविलें होतें, पत्र हें केवळ त्या निर्णयावर उमटवावयाचें शिक्कामोर्तब होतें.

१८८९ च्या फेब्रुवारींत पिगॉट साक्षीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला. पार्नेल यांचे वकील सर चार्ल्स रसेल यांनीं त्याच्या हातीं कोरा कागद दिला आणि कांहीं शब्द लिहावयास सांगितले. त्यांत ‘संकोच’ या अर्थाचा एक इंग्रजी शब्द होता. पिगॉटनें त्यांतील एक स्वर चुकविला; आणि नेमकी तीच चूक त्या बनावट पत्रव्यवहारांत होती. एका अक्षरानें सारा डोलारा कोसळला. पिगॉटनें कबुली दिली, तो देश सोडून पळाला, आणि १ मार्च १८८९ रोजीं माद्रिद येथील एका हॉटेलांत पोलीस दाराशीं आले असतां त्यानें स्वतःवर गोळी झाडून घेतली. ‘टाइम्स’नें पार्नेल यांस नुकसानभरपाई म्हणून ५,००० पौंड दिले, परंतु चौकशीचा एकंदर खर्च दोन लाख पौंडांच्या घरांत गेला, आणि पत्राची जी प्रतिष्ठा गेली तिची किंमत तर पौंडांत मांडतां येण्यासारखी नव्हती.

या दोन्ही हकीकती शेजारीं ठेवून पाहाव्या. एकींत पारतंत्र्यांतील दोन निर्धन तरुण, दुसरींत साम्राज्याचें सर्वांत बलाढ्य पत्र. एकींत राजाविषयींची कळकळ, दुसरींत शत्रूविषयींचा द्वेष. तरीही पाऊल दोघांचेंही एकाच ठिकाणीं घसरलें. जें ऐकण्याची मनाची तयारी आधींच झालेली होती तेंच कागदानें सांगितलें, आणि म्हणून कागदाला ‘कशावरून?’ हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. परंतु दुसरेंही एक साम्य आहे, आणि आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें तें अधिक महत्त्वाचें आहे. दोन्ही ठिकाणीं चुकीला धनी होता. मजकुराखालीं कोणाची जबाबदारी आहे हें ठाऊक होतें. न्यायाधीशापुढें उभें राहावें लागलें. कोणीं तुरुंग पत्करिला, कोणीं दंड मोजला. आणि खोटें तें खोटें म्हणून त्याच पत्राच्या वाचकांसमोर जाहीर झालें. म्हणजे पूर्वींच्या काळीं चुका होत नसत असें नव्हे. चूक पचत नसे, हें त्या काळाचें वैशिष्ट्य होतें.

अशा अनुभवांतून हळूहळू एक शहाणपण निर्माण झालें. माणसाच्या सत्यनिष्ठेवर विसंबून भागत नाहीं; संशय घेणें हें कोणाचें तरी ठरलेलें काम असलें पाहिजे. अमेरिकेंत ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकानें १९२७ सालीं एडना सेंट व्हिन्सेंट मिले या कवयित्रीवर एक लेख छापला. त्यांत इतक्या चुका निघाल्या, कीं कवयित्रीच्या आईनें फिर्यादीची धमकी दिली. तेव्हांपासून त्या साप्ताहिकांत तपासनिसांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. हा तपासनीस लेखाची प्रत पुढें घेऊन बसतो आणि नांव, तारीख, अंतर, आंकडा, अवतरण अशा प्रत्येक ठिकाणीं पेन्सिलीनें खूण करीत जातो. प्रत्येक खुणेपुढें आधार लिहिला गेल्याशिवाय लेख छापावयास जात नाहीं. लेखक कितीही नामांकित असो, पेन्सिलीला त्याचें नांव ठाऊक नसतें.

आमच्याकडे असे विभाग क्वचितच होते. परंतु निराळ्या रूपानें हेंच काम करणारीं माणसें होतीं. जुन्या मराठी दैनिकांच्या कचेऱ्यांत मुद्रितशोधक नांवाचा एक शांत मनुष्य बसलेला असे. त्याचें काम वास्तविक ऱ्हस्व-दीर्घ पाहण्याचें. परंतु अमुक संस्थानिक अमुक सालीं वारले असतां त्यांस या बातमींत सभेचें अध्यक्ष कसें केलें आहे, असा प्रश्न रात्रीं अकरा वाजतां विचारणारा बहुधा तोच असे. गांवोगांवच्या वार्ताहरांचीं पत्रें वाचून, एकाचें दुसऱ्याशीं ताडून पाहणारा वृद्ध उपसंपादक हाही त्याच जातीचा. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली तशी मुद्रितशोधकाची खुर्ची अनेक ठिकाणीं निघाली. आणि ती निघाली तेव्हां एक पगार वांचला, एवढेंच मालकांच्या लक्षांत आलें.

तथापि नुसता विभाग असून भागत नाहीं, हें तिसऱ्या हकीकतीवरून दिसतें. २५ एप्रिल १९८३ रोजीं हॅम्बुर्गच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकानें जगास कळविलें, कीं हिटलरची आजवर अज्ञात असलेली रोजनिशी आपल्या हातीं लागली आहे. साठांहून अधिक वह्या होत्या, आणि त्यांसाठीं ९० लाखांहून अधिक मार्क मोजले गेले होते. त्या साऱ्या कॉनराड कुयाउ नांवाच्या एका नकलाकारानें बसून लिहिल्या होत्या. हा व्यवहार गेर्ड हायडेमान नांवाच्या बातमीदारानें वरिष्ठ व्यवस्थापकांशीं संधान बांधून जमविला. साप्ताहिकाच्या मुख्य संपादकांसही कित्येक दिवस त्याचा पत्ता नव्हता. गुप्तता राखणें हें मोठ्या बातमीचें लक्षण मानलें जातें. येथें गुप्ततेमुळें प्रश्न विचारणाऱ्या माणसांसच दाराबाहेर ठेवलें गेलें.

हस्ताक्षराची तपासणी झाली नाहीं असें नाहीं. तज्ज्ञांस वह्यांतील पान दाखविलें आणि ताडून पाहण्यासाठीं हिटलरच्या हस्ताक्षराचे म्हणून दुसरे नमुने दिले. दोन्ही अक्षरें एकाच हातचीं आहेत असें तज्ज्ञांनीं सांगितलें, आणि तें अक्षरशः खरें होतें. कारण त्यांस दिलेल्या नमुन्यांतही कुयाउच्याच हातचे कागद होते. अखेर ६ मे रोजीं जर्मन सरकारच्या दप्तरखान्यानें निकाल दिला, कीं वह्यांच्या कागदांत महायुद्धानंतर प्रचारांत आलेलीं द्रव्यें आहेत. साधी रासायनिक परीक्षा आधीं झाली असती तर ९० लाख मार्क वांचते आणि जगापुढें झालेली नामुष्कीही टळती. परंतु इतक्या मोठ्या किमतीला घेतलेली वस्तु खोटी असूं शकते, हें घेणाऱ्याला पटणें फार कठीण असतें.

तपासणीची यंत्रणा केवढीही मोठी असो, ती चालविणाऱ्याच्या मनांत संशय जागा नसेल तर ती निरुपयोगी ठरते, याचें अगदीं अलीकडचें उदाहरणही जर्मनींतीलच आहे. ‘डेर श्पीगल’ साप्ताहिकाचा तपासविभाग हा जगांतील सर्वांत मोठ्या विभागांत गणला जाई. तरीही २०१८ च्या डिसेंबरांत असें उघड झालें, कीं क्लास रेलोटिउस हा त्यांचा पारितोषिकांनीं मढलेला लेखक कित्येक वर्षें न भेटलेल्या माणसांच्या मुलाखती आणि न घडलेले प्रसंग लिहीत होता. आंकडे व तारखा बरोबर आहेत कीं नाहींत हें विभाग पाहत असे. परंतु ती व्यक्ति खरोखरच भेटली होती का, हें लेखकाच्या शब्दावर सोडलेलें असे. त्याचें पितळ उघडें पाडलें तें विभागानें नव्हे, तर त्याच्याबरोबर एका लेखावर काम करणाऱ्या हुआन मोरेनो या सहकाऱ्यानें. वरिष्ठांचा रोष पत्करून, स्वतःच्या खर्चानें अमेरिकेस जाऊन, मोरेनोनें तीं माणसें गांठलीं आणि विचारलें, “हा मनुष्य तुम्हांस कधीं भेटला होता का?”

आतां स्वदेशाच्या वर्तमानाकडे वळूं. गेल्या पंधरा-सोळा वर्षांतील तीनच गोष्टी सांगतों. २००९ सालीं महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीच्या वेळीं एकाच पुढाऱ्याची स्तुति करणारा, शब्दाला शब्द जुळणारा मजकूर परस्परांशीं स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला. पी. साईनाथ या पत्रकारांनीं तो शेजारीं ठेवून जगास दाखविला. येथें कोणी कोणास फसविलें नव्हतें. बातमीची जागाच विकली गेल्याचा संशय होता. २०१६ च्या नोव्हेंबरांत नव्या दोन हजारांच्या नोटेंत उपग्रहाशीं बोलणारें एक सूक्ष्म यंत्र बसविलें आहे, असें कांहीं दूरचित्रवाहिन्यांनीं चित्रें काढून समजावून दिलें. रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलेल्या वैशिष्ट्यांत असल्या यंत्राचा उल्लेखही नव्हता. आज ती नोटही व्यवहारांतून गेली; परंतु त्या चित्रांबद्दल कोणाचा पगार कापला गेल्याचें ऐकिवांत नाहीं.

तिसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत भारत व पाकिस्तान यांच्यांत लष्करी संघर्ष पेटला असतां, ८ मेच्या रात्रीं अनेक वाहिन्यांनीं कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचें ओरडून सांगितलें. सकाळ झाली तेव्हां बंदर जागच्या जागीं होतें. त्याच दिवसांत पुंछ येथें पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यांत एक शिक्षक ठार झाला. कांहीं वाहिन्यांनीं त्याचें छायाचित्र दाखवून त्यास भारतीय हल्ल्यांत मारला गेलेला दहशतवादी ठरविलें. हें वृत्त खोटें आहे, असें पुंछच्या पोलिसांस जाहीर करावें लागलें. शत्रूच्या गोळ्यानें ज्याचा जीव घेतला, त्याचें नांव स्वदेशाच्या वाहिन्यांनीं घेतलें. त्या घरांतील माणसांनीं त्या दिवशीं कोणाचा शोक करावयाचा होता? गेलेल्या माणसाचा, कीं गेलेल्या नांवाचा?

या तीन गोष्टींत आणि वर सांगितलेल्या तीन हकीकतींत फरक काय, हें आतां स्पष्ट होईल. कोल्हापूर प्रकरणांत, पार्नेल प्रकरणांत, किंबहुना हॅम्बुर्गच्या वह्यांतही, कोणी तरी परिश्रमपूर्वक फसविलें होतें. अक्षर गिरवावें लागलें, सही साधावी लागली. आजच्या असत्याला एवढाही खटाटोप लागत नाहीं. एकानें ओरडलेलें दुसरा ओरडतो, आणि दुसऱ्यानें ओरडलें हाच पहिल्याचा पुरावा होतो. सर्वांच्या आधीं सांगण्याची घाई, सांगण्यास पैसा लागूं नये ही मालकाची इच्छा, आणि मिनिटामिनिटाला प्रेक्षक मोजणारें यंत्र, या तिहींच्या कात्रींत ‘कशावरून?’ विचारणारा मनुष्य परवडेनासा झाला. आणि चूक उघड झाली तरी तिचा धनी कोण? शेंकडों तोंडांनीं एकच खोटें बोललें म्हणजे कोणतेंच तोंड खोटें ठरत नाहीं. अमेरिकेंतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें एका बातमीदाराच्या बनवाबनवीनंतर २००३ सालीं वाचकांच्या बाजूनें आपल्याच पत्राची झडती घेणारा एक अधिकारी नेमला होता, ती जागा २०१७ सालीं त्यानें रद्द केली. आपल्याकडील प्रेस कौन्सिलला समज देण्याचा अधिकार आहे, शिक्षा करण्याचा नाहीं. आणि दूरचित्रवाणी तर तिच्या कक्षेच्याच बाहेर आहे. चुकीला शासन नाहीं, म्हणून लाज नाहीं. आणि लाज नाहीं, म्हणून दुरुस्तीही नाहीं.

कायदा कडक करावा, असें कोणी यावर सुचवितील. आम्हांस तो मार्ग निर्धोक वाटत नाहीं. ज्या दंडुक्यानें खोट्या बातमीस शिक्षा करावयाची, तोच दंडुका सत्ताधाऱ्यांस न रुचणाऱ्या खऱ्या बातमीच्या पाठींत बसावयास वेळ लागत नाहीं, हें ‘केसरी’च्याच पुढील इतिहासानें आपणांस शिकविलें आहे. उपाय पत्रांच्या घरांतूनच निघाला पाहिजे. आणि पत्रें तो तेव्हांच काढतील, जेव्हां वाचक त्याची किंमत मोजावयास सिद्ध होईल. पेन्सिल घेऊन बसणाऱ्या मनुष्याचा पगार अखेर वाचकाच्याच खिशांतून जातो. बातमी फुकट हवी, ताबडतोब हवी, आपल्या मताची हवी आणि शिवाय खरीही हवी, असें म्हणणाऱ्या वाचकास पहिल्या तीन गोष्टी मिळतील. चौथीचा भरंवसा कोणी देऊं शकणार नाहीं.

त्यांतही तिसरी अट सर्वांत घातक आहे. आपल्या विरोधकाविषयीं वाईट वार्ता आली, कीं ‘कशावरून?’ हा प्रश्न आपल्याही ओठांवर येत नाहीं. आपल्या माणसाविषयीं आली म्हणजे मात्र आपण सारे पुराव्याच्या कायद्याचे पंडित होतों. वास्तविक जी बातमी ऐकून मन सुखावतें, तिच्याच बाबतींत हा प्रश्न दोनदां विचारला पाहिजे. पुण्याच्या त्या दोन तरुणांची चूक झाली ती येथेंच, आणि आपली रोज होते तीही येथेंच. फरक इतकाच, कीं त्यांनीं ती कबूल केली आणि तिच्यासाठीं १०१ दिवस मोजले.

सुटकेनंतर सहा वर्षांनीं, १८८८ सालीं, आगरकरांनीं ‘सुधारक’ काढला. त्या पत्रांतून त्यांनीं रूढीला, ग्रंथप्रामाण्याला आणि आपल्याच समाजाला जो एक प्रश्न अखेरच्या दिवसापर्यंत विचारला, त्याचें सार ‘कशावरून?’ या एका शब्दांत सांगतां येईल. डोंगरीच्या वीरकथेबरोबर हा प्रश्नही आपण मुलांस सांगूं, तरच ती कथा पुरी सांगितल्यासारखी होईल.